चेरीच्या टेबलावरचे डाग

अमेरिकेत एडिसनला घर घेतल्यावर मी पहिली मोठी वस्तू आणली, ती चेरीच्या लाकडाचं डायनिंग टेबल. तोवरचं आमचं सगळं फर्निचर कुणी ना कुणी घर सोडताना लावलेल्या मूव्हिंग सेलमधून उचललेलं. बायको म्हणाली, "वरून प्लास्टिक घालू या." मी म्हणालो, "मग लाकडाचं कशाला घेतलं?"

त्याच उन्हाळ्यात, दोन हजार पाच साली, बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले. आईला जाऊन वर्ष झालं होतं.

बाबा चहा बशीतून पीत. कपातला चहा बशीत ओतायचा, कोपरं टेबलावर टेकवायची, दोन्ही हातांनी बशी धरायची आणि फुर्रकन ओढायचा. ओतताना थोडा सांडे आणि बशीच्या बुडाखाली टेबलावर पांढरी कडी उमटे. आठवडाभरात बाबांच्या खुर्चीसमोर अशा चार कड्या झाल्या.

मी त्या कड्यांच्या मागेच लागलो. हार्डवेअरच्या दुकानातल्या म्हाताऱ्या विक्रेत्यानं मला समजावलं होतं, की डाग पांढरा असेल तर ओल नुसती पॉलिशमध्ये अडकलेली असते, ती निघते. काळा पडला तर पाणी लाकडात उतरलं, मग तासल्याशिवाय इलाज नाही. दर शनिवारी सकाळी मी डागावर जुना सुती रुमाल पसरून कोमट इस्त्री फिरवायचो. रुमाल उचलायचा, वाकून बघायचं, पुन्हा फिरवायची. तरीही राहिला तर वर मेयोनीज चोपडून ठेवायचं. बाबा समोर बसून बघत.

"छान जमतंय रे तुला," एकदा ते म्हणाले.

"तुम्ही सांडलं नाहीत तर जमवावं लागणार नाही."

ते हसले. मी हसलो नव्हतो.

बाबा आंघोळीला गेल्यावर बायको माझ्याजवळ आली. "अरे, त्यांचा उजवा हात बघितलास? थरथरतो."

"एसीची सवय नाही त्यांना. आणि वय झालं आता," मी म्हणालो. मान वर न करता. मी डाग बघत होतो.

मग मी ठरवलं, दोष बशीचा आहे. खरं सांगायचं तर ऑफिसातल्या मित्रांसमोर बाबांनी फुर्र करून चहा ओढला की मला लाजही वाटायची. एका रविवारी मी सगळ्या बश्या वरच्या कपाटात टाकल्या आणि बाबांना गाडीत नेतात तसला झाकणाचा मग आणून दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"अरे, हे तान्ह्या मुलाला देतात तसलं दिसतंय."

"इथं सगळे ह्यातूनच पितात, बाबा."

दोनच दिवसांनी मी ऑफिसातून लवकर घरी आलो, तर बाबा टेबलावर ओणवे झाले होते. झाकण नीट लागलं नव्हतं आणि चहाचा मग आडवा झाला होता. ते आपल्या जुन्या बनियनला टूथपेस्ट लावून डाग घासत होते. तळहाताएवढ्या जागेवरचं पॉलिश पार उतरलं होतं. मला पाहून ते दचकले.

"निघत आलाय बघ. थोडाच राहिलाय."

"बाबा, तुम्ही इथं पाहुणे आहात. पाहुण्यासारखे बसा ना! कशाला हात लावता प्रत्येक गोष्टीला?"

"बरं," एवढंच ते म्हणाले. बनियनची घडी केली. टूथपेस्टचं टोपण लावायला त्यांना किती वेळ लागला! ते टोपण पुन्हापुन्हा बाजूला जात होतं. ते मी उभा राहून पाहिलं. पाहूनही मला फक्त रागच आला.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी चहा सोडला. ॲसिडिटी होते म्हणाले. मी विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवणं सोयीचं होतं. जन्मभर चार वाजले की चहाची वाट पाहणारा माणूस त्या वेळी सोफ्यावर हात मांडीखाली घेऊन बसू लागला. टेबलावर नवा डाग पडला नाही.

ते परत गेल्यावर दोन महिन्यांनी बहिणीचा फोन आला.

"दादा, बाबांना कंपवात आहे. डॉक्टर म्हणतात, हात वर्षभरापासून तरी थरथरत असणार. तुझ्याकडे सहा महिने होते, कुणाच्याच लक्षात नाही आलं?"

"नाही," मी म्हणालो.

बायको शेजारीच उभी होती.

बशी ते दोन्ही हातांनी का धरत, कोपरं का टेकवत, हे मला त्यानंतर कळलं. एका हाताला दुसऱ्या हाताचा आधार होता. तो मी कपाटात टाकला होता.

पुढच्या हिवाळ्यात मी पुण्याला गेलो. बाबा खिडकीशी बसले होते, खूप वाळलेले. बहीण म्हणाली, चहा घेतात ते, दोन्ही वेळा. मी स्वतः चहा केला आणि कपबशी त्यांच्यासमोर ठेवली. विमानात बसल्यापासून जुळवलेलं वाक्य तोंडात आलं.

"बाबा, तेव्हा मी जे बोललो..."

"निघाला का रे तो डाग?" त्यांनी काळजीनं विचारलं.

"निघाला," मी म्हणालो. निघाला नव्हता. आणि माझं वाक्य तिथंच राहिलं.

चहावर साय धरू लागली. त्यांचे हात शालीखालीच होते.

"प्या ना, बाबा."

"पितो. गार होऊ दे जरा." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू असं कर, खालून पेपर घेऊन ये."

पेपर त्यांच्या मांडीवरच होता. मी उठलो आणि जिना उतरून खाली गेलो.