मशीनलाही मामेकुळ हवं होतं

आमच्या खानदेशात नवख्या माणसाला नावाआधी मामेकुळ विचारतात. मामेकुळ म्हणजे आईच्या माहेरचं आडनाव. ते कळलं की विचारणाऱ्याला तुमचं आजोळ, तुमचे मामा, घरात कुणाची सोयरीक कुठे मोडली इथपर्यंत सगळा इतिहास कळतो. लहानपणापासून हे उत्तर मी इतक्यांना दिलंय, की झोपेतून उठवून विचारलं तरी चुकणार नाही. म्हणून नव्वदच्या दशकाअखेरीस जळगावात पहिल्यांदा ईमेल उघडायला बसले आणि पडद्यावरही तोच प्रश्न आला, तेव्हा मला हसूच फुटलं. म्हटलं, हे मशीन तर आपल्याच भावकीतलं निघालं.

शेजारी माझा चुलतभाऊ बसला होता. तो जळगावात इंजिनियरिंगला होता आणि आमच्या घराण्यात कॉम्प्युटर फक्त आपल्यालाच कळतो, असं त्याचं ठाम मत होतं. मी धुळ्याची. बी.एस्सी. करून जळगावात मावशीकडे राहायचे आणि एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. पण इंटरनेट आमच्या क्लासलाही आलेलं नव्हतं. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत मला तोच घेऊन गेला. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा त्याने मोठ्या सभ्यपणाने मान वळवली. "तुझं तू टाक, कुणाला सांगायचा नाही," असंही बजावलं. मामेकुळ मात्र त्याने मला न विचारताच टाइप केलं. माझी आई म्हणजे त्याची सख्खी काकू, विचारायचं काय? आणि हे कशाला लागतं, हे मीही विचारलं नाही.

ईमेल हवा होता पुण्याच्या एका कंपनीसाठी. मुलाखत झाली होती, उत्तर ईमेलवर येणार होतं आणि घरी कुणाला याचा पत्ता नव्हता. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना चार माणसांत एकदा "नाही" म्हणाले की तो शब्द ब्रह्मदेवाच्या बापालाही फिरवता येत नसे. घरात मात्र, जेवणं आटोपल्यावर आईने शांतपणे विषय काढला, तर तेच नाना ऐकून घ्यायचे. त्यामुळे माझं ठरलं होतं: उत्तर आलं की आधी आई, मग नाना, तोवर कुणी नाही. त्यातच चाळीसगावच्या एका स्थळाची बोलणी सुरू होती. पुण्याची कुणकुण भलत्या तोंडून, भलत्या जागी नानांच्या कानावर गेली असती, तर माझी नोकरी तिथेच संपली असती.

तशातच एरंडोलला नात्यातलं लग्न आलं. पंगतीत वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. शेजारी बसलेल्या आजीबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"कोनी पोर व तू? मामेकुळ कोनतं शे तुनं?"

मी सवयीने सांगून टाकलं. वरणाची बादली घेऊन वाढणारा चुलतभाऊ थबकला आणि खो खो हसायला लागला.

"अक्का, आता तुम्ही हिचा ईमेल उघडू शकता!"

आजीबाईंना काही कळलं नाही. मलाही कळलं नाही, म्हणून त्याने मोठ्या हौसेने समजावलं. "पासवर्ड विसरलो म्हणायचं. मशीन जन्मतारीख विचारतं आणि आईचं माहेर. दोन्ही बरोबर आलं की नवा पासवर्ड आपल्या हातात. होस्टेलवर दोघांचे उघडून दाखवले मी. तुझाही दाखवतो. पाहुण्यांना सोडायला आत्ता जळगावलाच निघालोय."

मनाने तो वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळी परत येऊन त्याने भर मांडवात "पुण्याला चाललीस होय?" असं ओरडून विचारलं असतं आणि समोर नाना फेटा बांधून बसलेले. मी पान तसंच सोडून उठले, क्लासचं काम आहे असं आईला सांगितलं आणि मिळेल त्या एस.टी.त चढले. तोवर त्याची मोटरसायकल गेलीही होती.

गाडीत उभ्याउभ्या मी चुलतभावावर चिडले, मशीनवर चिडले आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. ज्या कुणी हा प्रश्न काढला, त्याच्या देशात आईचं माहेर हे गुपित असावं. आमच्याकडे ते पंगतीतल्या आजीबाईपासून मांडववाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक. घराला भलंमोठं कुलूप लावायचं आणि किल्ली उंबऱ्यावरच ठेवायची, त्यातला प्रकार.

कॅफेबाहेर त्याची मोटरसायकल उभी होती. आत कोपऱ्यातल्या लाकडी कप्प्यात महाराज बसलेले, पाठ माझ्याकडे. सगळी मशीनं भरलेली. एक पोरगा उठेपर्यंत मी तिथे कशी उभी राहिले, ते माझं मला माहीत. मग बसले, पासवर्ड टाकला. घाईत पहिल्यांदा चुकलाच, आणि मला वाटलं, झालं, याने पासवर्ड बदलला, गेलं सगळं. परत टाकला. लाइन मंद, पडदा पांढराच्या पांढरा. आणि मग उघडलं! पत्र आलं होतं, कुणी वाचलेलं नव्हतं आणि नोकरी माझी होती. मला तिथेच रडू आलं. इतकं मोकळं मला मुलाखत संपल्यावरही वाटलं नव्हतं.

पण डोळे पुसायच्या आधी मी त्या प्रश्नाचं उत्तर बदललं. आयुष्यात पहिल्यांदा मी मामेकुळ खोटं सांगितलं, तेही आनंदाने. काय टाकलं ते इथेही लिहिणार नाही. उठून पाहिलं, तर चुलतभाऊ क्रिकेटचा स्कोअर बघत होता. माझा ईमेल तो साफ विसरला होता!

धुळ्याला जाऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली. "बरं व्हयनं, माले पह्यले सांगं," एवढंच म्हणाली. मी आधी तिला सांगितलं, याचंच तिला बरं वाटलं. रात्री जेवणं झाल्यावर तिने नानांकडे विषय काढला. नाना भडकले, उठून ओट्यावर गेले. मी दाराआड उभी. बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज आला.

"हाई आखो कोनले माहीत शे?"

"कोनलेच नही," आई म्हणाली.

नाना "नाही" न म्हणताच झोपायला गेले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की गोष्ट घरातच राहिल्यामुळे त्यांनाही मन बदलायला जागा उरली होती. सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "पुनाले ऱ्हाशी कोठे?"

पुढे एका साखरपुड्यात कुणीतरी त्यांना छेडलंच, की पोरीला एकटीला नोकरीला एवढ्या लांब कशी धाडता. नानांनी चार माणसांत छाती पुढे काढली.

"मीच धाडी राह्यनू तिले."

चुलतभाऊ माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "नोकरी लागली? तुला कधी कळलं?"

"नानांनी सांगितलं तेव्हा," मी म्हटलं.