बदली येईपर्यंत

तेल्हाऱ्याच्या आमच्या अंगणातल्या निंबाला सहा महिने एक पितळी गडवा टांगून होता. तोंडाला लाल फडकं बांधलेलं. आत माझ्या बायकोच्या चिमूटभर अस्थी. बाकीच्या तिसऱ्या दिवशीच पुतण्याच्या हातानं नदीत सोडल्या, पण एवढ्या मी मागं ठेवल्या. पोरगा येईल, त्याच्या हातानं जातील. अस्थी घरात घेत नाहीत, म्हणून झाडाला.

साळा दर पंधरा दिवसांनी यायचा. आधी निंबाकडं बघायचा, मग माझ्याकडं.

"भाऊजी, बहीण माही लटकून राहिली तिकडं. मोकळं करा तिले."

"जितेपणी तिनं पाच वर्षं राखी घेऊन तुही वाट पाह्यली. तवा नाही आला तू. आता घाई काहून?"

मग तो चहा मागायचा.

पोरगा फौजेत हवालदार आहे. गेल्या मार्गशीर्षात त्याची पलटण शांतिसेनेत गेली, आफ्रिकेत, वर्षभरासाठी. बायको जेठात गेली. तो आला नाही. काहून आला नाही ते आपल्याला ठाऊक आहे, असं मी सहा महिने धरून चाललो. कोणाजवळ बोललो नाही. सुनेजवळही नाही.

गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. त्याच्यासाठी अमरावतीच्या राजापेठेतली एक पोरगी पाहायची होती. पोरीकडचे येणार होते, पण याला रजा मिळेना. आमच्याकडं फौजेतल्या पोराला घरी आणायचा एकच मंत्र चालायचा, 'माय सीरियस'. शेजाऱ्यानं तो दोनदा वापरलेला. मीही पलटणीत तसंच कळवलं. तिसऱ्या दिवशी पोरगा जेवणखाण सोडून, डोळे सुजवून दारात उभा. पाहतो तर माय चुलीपुढं बसून भजे तळून राहिली.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं एक भजं तोंडात घातलं नाही. जाताना एवढंच म्हणाला, "बाबा, उद्या खरंच काही झालं त कोण इसवास ठेवीन? फौजेतला कागद मरत नाही."

लग्न त्याच पोरीशी झालं. तीच माझी सून. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

जेठात बायकोच्या मेंदूत रक्त साकळलं. अकोल्याच्या दवाखान्यात भरती केली. सुनेनं तिकडच्या सायबाला फोन लावला. दुपारी दवाखान्यात उलटा फोन आला, फौजेच्या कुठल्यातरी ऑफिसातून. बाई खरंच भरती आहे का, म्हणून विचारत होते. नर्सनं मला सांगितलं. खरंच भरती आहे का! माझी पंधरा वर्षांपूर्वीची थाप समुद्र ओलांडून पोराच्या आडवी झाली होती.

चौथ्या दिवशी ती गेली. पोरगा फोनवर म्हणाला, "बाबा, मले येता नाही आलं." मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्यानंतर सहा महिने आम्ही दोघं फोनवर पाऊसपाण्याचं बोललो.

या मार्गशीर्षात निरोप आला, पलटण परत येते. मी गडवा सोडला आणि सुनेकडं जायला अमरावतीच्या बसमध्ये बसलो. खाली ठेवायचा नाही म्हणून मांडीवर धरला. शेजारच्यानं विचारलं, "काय आजोबा, तूप का?"

"बायको आहे."

तो उठून मागच्या सीटवर गेला. मला ऐसपैस जागा झाली.

सुनेच्या दारातल्या जांभळाला गडवा बांधला. पोरगा बडनेऱ्याला रेल्वेतून उतरून घरी आला. काळा पडलेला, गाल आत गेलेले. आधी त्यानं झाडाला हात जोडले, मग माझ्या पाया पडला. माझी नजर वर होईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच कौंडण्यपूरला निघालो, वर्धेच्या पात्रात सोडायला. गाडी तो चालवत होता. मोझरीला चहासाठी थांबलो. गडवा माझ्या मांडीवर. म्हटलं, हिच्यासमोरच होऊन जाऊ दे.

"तुही रजा माह्या थापेनं अडली. मले माहीत आहे. बोलायचं असंन ते बोल."

"कोणती थाप?"

"भज्याची, लेका!"

तो माझ्याकडं वळला. मग कप खाली ठेवला. "बाबा, तुमी सहा महिने हे घेऊन बसले?"

"दवाखान्यात फोन आला होता. खरंच भरती आहे का म्हणून."

"तो सगळ्याईसाठीच येते. देवाची माय भरती असली तरी विचारतीन. एका घंट्यात उत्तर गेलं, सायबानं त्याच दिवशी सही केली. थे जुनं कोणाले माहीतबी नाही."

"मंग आला काहून नाही तू?"

मग त्यानं सांगितलं. तिथं रजा आपला साहेब देतो, पण विमान आपलं नसतं. शांतिसेनेचं मोठं ऑफिस त्या देशाच्या राजधानीत, दहा देशांची माणसं एका छताखाली बसलेली. कोणत्या हेलिकॉप्टरात कोण बसणार, त्याची यादी तिथं होते. फौज आपली, गाड्या आपल्या, त्यांना पांढरा रंग मारलेला. पण हुकूम त्या ऑफिसाचा, आणि वरचं आभाळ त्या देशाच्या सरकारचं. सरकारनं परवानगी दिली नाही तर हेलिकॉप्टर उडत नाही. त्या आठवड्यात लढाई पेटली होती. चार दिवस आभाळ बंद. पोरगा बॅग भरून बसलेला.

मी डोळे मिटले. खरं सांगतो, छातीवरून कोणी कापसाची गासडी उचलावी तसं झालं. ती गेली ते गेलीच, पण माझ्या थापेनं पोराला तिच्यापासून तोडलं नव्हतं.

पण पोराचं तोंड उतरलेलंच.

"पाचव्या दिवशी आलं होतं हेलिकॉप्टर," तो म्हणाला. "यादीत माहं नाव होतं."

"मंग?"

"मी नाही बसलो."

त्याच्याकडं पाण्याचं मशीन होतं. नदीचं गढूळ पाणी ओढायचं, गाळायचं, पिण्याजोगं करायचं. कॅम्पाच्या तारेला लागून पळून आलेल्या लोकांचा अख्खा गावच बसलेला, बाया, लेकरं, म्हातारे. तेही तेच पाणी प्यायचे. मशीन चालवणारा दुसरा एकच जण, तो मलेरियानं पडलेला.

"सायेब म्हणे, जा, मी पाहून घेतो. बॅग घेऊन मी हेलिकॉप्टरच्या पंख्यापर्यंत गेलो. मागं तारेपाशी बाया डबे घेऊन लायनीत उभ्या. माय त गेलीच होती, बाबा. मी वापस आलो." तो कपाची कड नखानं खरवडत होता. "घरी सांगायची हिंमत नाही झाली. तुमी म्हणाल, पाण्याच्या मशीनपायी मायले नाही आला."

"मंग सोडलं कवा थे मशीन?"

"नवी पलटण आली तवाच. अर्धे ते उतरले, त्याच विमानात अर्धे आमी चढलो. मोठ्या ऑफिसातले लोक येऊन सगळं चालवून पाह्यते. गाडी चालू आहे का, मशीन चालू आहे का. नव्या माणसानं आठ दिवस माह्यासमोर मशीन चालवलं. मंग किल्ली देली."

मला हसू आलं. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. पोरगा घाबरला, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की काय.

"तू झाला तो दिवस सांगू? मी कापसाच्या जिनात मशीनवर उभा. रुईत एक ठिणगी पडली त सगळं जिन राख. बदली आल्याबिगर मशीन सोडायचं नाही, हा कायदा. त्या दिवशी माहा बदलीवाला आलाच नाही. निरोप आला, पोरगा झाला. मी तिथंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तुहं तोंड पाह्यलं. तुह्या मायनं मले जन्मभर ऐकवलं, त्या मशीनलेच लुगडं नेसव अन् तिच्यासंगंच राहा!"

पोरगा आधी हसला, मग रडला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच बसली. चहावाला आमच्याकडं बघत होता. बघू दे.

कौंडण्यपूरला पाणी थंडगार होतं. दोघं गुडघ्यापर्यंत आत गेलो. गडवा त्याच्या हातात देण्याआधी मी तिला म्हणालो, "पाह्यलं? तुहा पोरगा माह्यावरच गेला. आता दोघाईले संगंच शिव्या दे." त्यानं फडकं सोडलं, हात पाण्याखाली नेला आणि हळूच गडवा कलता केला. ती गेली. मी गडवा वाळूनं घासून धुतला.

आंघोळ करून निघालो. काठावर उभ्यानंच साळ्याला फोन केला, सुटली बहीण तुही. त्यानं मोठा श्वास सोडला.

मोझरीला पोरानं पुन्हा गाडी थांबवली. त्याच दुकानात जाऊन भजे सांगितले, दोन प्लेटी. दोन्ही त्यानंच खाल्ल्या, मिरचीसकट. मी नुसता पाहत बसलो.