सुधाताईंचं पातं

त्या दिवशी सकाळीच सुधाताईंच्या यजमानांचा, अरविंदरावांचा फोन आला, "सुधा गेली. झोपेतच…" मला रडू आवरेना. पण तासाभराने दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्यांच्या सोसायटीच्या जिन्यात आम्ही ऑफिसातली जुनी मंडळी सुधाताईंच्या आठवणी काढून चक्क हसत होतो. सुधाताई होत्याच तशा.

नव्वदीची ती वर्षं. आमच्या दिल्लीच्या ऑफिसात त्या यंत्रभागांची ड्रॉइंग तपासायच्या. परदेशी लढाऊ हेलिकॉप्टरं विकत घ्यायची आणि पुढची त्याच कंपनीच्या परवान्याने आपल्या कारखान्यात बनवायची, असा करार झाला होता. ड्रॉइंगची खोकी आली. दुसऱ्या दिवशी समारंभ, सगळं मिळाल्याच्या पावतीवर सुधाताईंची सही तेवढी बाकी. त्या आणि शेजारच्या टेबलावरची मी यादी घेऊन बसलो, तर हेलिकॉप्टरच्या वरच्या पंख्याच्या पात्याचं ड्रॉइंगच नाही! 'पाती आम्ही तयार पुरवू' एवढाच शेरा. "मॅडम, साइन कर दीजिए, छोटी सी चीज़ है," साहेब म्हणाले. "सर, इसके बिना उड़ा के दिखाइए, मैं अभी साइन करती हूँ."

समारंभ पुढे गेला. साहेबांनी बोलणं टाकलं, ताईंची बढती अडली. मला त्यांचा हेका पटत नव्हता, तसं मी तोंडावर बोललेही. "अगं, जुळवणं म्हणजे बनवणं नव्हे," म्हणत त्या शांतपणे डबा उघडायच्या. अखेर कंपनी नमली, ड्रॉइंग आलं. सही केल्यावर त्या म्हणाल्या, "आज नीट जेवण जाईल गं." इतके दिवस बाई घाबरलेल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

पुढे आपल्या कारखान्यात बनलेलं पहिलं पातं चाचणीत तडकलं. फॅक्स वाचून सगळ्यांचे चेहरे सुतकी झाले. सुधाताई पर्स घेऊन बाहेर पडल्या आणि किलोभर पेढे घेऊन परतल्या. "ये क्या खुशी की बात है?" साहेब कडाडले. "बिल्कुल, सर! उनका टूटता, तो हम चिट्ठियाँ लिखते रहते. ये हमारा है. गलती भी हम ही ढूँढेंगे." ड्रॉइंग पसरलं, चूक सापडली, पुढचं पातं टिकलं. साहेबांनी त्या दिवशीच दोन पेढे खाल्ले होते म्हणा.

सुधाताईंच्या पश्चात, गेल्या रविवारी मी अरविंदरावांकडे गेले होते. जन्मात लाटणं हाती न धरलेला माणूस. "जेवूनच जा," म्हणत त्यांनी ताट पुढे केलं. पोळी एका कडेला करपलेली, दुसऱ्या कडेला कच्ची. तिच्या शेजारी त्यांनी पेढा वाढला होता.