नवरीचा पेपर तीनला

लग्नाची तारीख आधी निघाली आणि पेपरची तारीख नंतर बदलली. झालं! कनेरगाव नाक्याजवळची ती पोरगी हळदीच्या आठवडाभर आधी आमच्या मांडवाच्या दुकानात आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "ताई, लगन साडेबाराचं हाय आन् त्याच दिवशी तीनला हिंगोलीत माझा बी.ए.चा शेवटचा पेपर. तुमी कोर्स करून आल्या म्हणं. बसवून द्या कसंबी."

मागं दोऱ्या गुंडाळत असलेले अब्बा हसले. "बेटा, आपल्याकडं साडेबाराचं लगन म्हंजे तीनला अक्षता. घड्याळावर लागलेलं लगन मी तर बघितलं न्हाई."

अब्बांचं खोटं नव्हतं, त्यांचा जन्मच मांडव घालण्यात गेलेला. मी मात्र नुकताच इव्हेंट मॅनेजमेंटचा कोर्स केला होता आणि अंगात भलती खुमखुमी होती. पोरगी काही हसली नाही. म्हणाली, "सासरचे चांगले हायेत, पर लगन झाल्यावर फिरून पेपरला कोन बसू देतंय? हा गेला म्हंजे गेला." तिचं तोंड बघून मी हो म्हणून बसले.

कोर्समध्ये शिकवलं होतं, आधी बोलबाला करा. मी नवरीचाच व्हिडिओ काढला: "मामा, मावशी, वेळेवर या, मला पेपरला जायचंय." तो मोबाइलवरून फिरत फिरत पार आखाडा बाळापूरला गेला. लोकांना गंमत वाटली. पण गमतीनं लग्न वेळेवर लागत नसतं. लग्न अडतं ते रुसव्यानं. एकाला फेटा बांधायचा राहतो, दुसऱ्याचं नाव माइकवर पुकारायचं राहतं, आणि त्याची समजूत काढेपर्यंत नवरदेव ताटकळत उभा. हे काही कोर्समध्ये शिकवत नाहीत, मांडवात वाढलेल्या लेकराला कळतं.

म्हणून मी दोन्ही घरी सरळ विचारलं, "तुमच्यात रुसतं कोण?" दोन्हीकडून एकच उत्तर आलं: नवरदेवाचे मामा. मी मामांच्या घरी जाऊन चहा घेतला आणि म्हटलं, "मामा, परण्याची मिरवणूक तुमच्या हाती. मारुतीच्या देवळातून नवरदेवाला बाराला मांडवात आणायचं. बँडवाले तुमचंच ऐकतील." मामांची छाती फुगली. मग आत्याला अक्षता, काकाला पंगत, ज्याला त्याला काम वाटून टाकलं.

लग्नादिवशी मामांनी कमाल केली. नाचणाऱ्या पोरांना हाकलत हाकलत त्यांनी परण्या बाराच्या आत मांडवात आणला. अंतरपाट धरायची तयारी झाली, भटजी खाकरले, आणि माइक बंद! माइक अब्बांकडं, आणि अब्बांचा पत्ता नाही.

ते मांडवामागं टेम्पोत बसून होते. "अब्बा, इथं काहून बसले?"

"मी कोन? मामाला काम, काकाला काम. मांडववाल्याचं काय काम?"

अगं बाई! साऱ्या सोयऱ्यांचे रुसवे आधीच निस्तरले आणि रुसलं कोण, तर माझ्याच घरचं माणूस! मला राग आला, हसू आलं आणि रडूही आलं. घड्याळ पुढं पळत होतं. म्हटलं, "अब्बा, तुमचं काम तुमीच करताय असं मी धरून चालले, चुकलं माझं. आता ऐका. अक्षता पडल्या की लोक आहेराला आणि फोटोला स्टेजवर चढतील. दीडला गाडी निघाली न्हाई तर तिचा पेपर गेला. माझ्यानं कोण थांबंल? तुमच्या आवाजानं थांबतील."

अब्बा टेम्पोतून उतरले आणि त्यांनी माइक सुरू केला.

शेवटची अक्षता पडली न पडली तोच त्यांचा आवाज घुमला. "मंडळी, आहेर न्हाई, फोटो न्हाई! नवरी पेपरला चालली, तिला वाट द्या. पोटभर जेवा. बाकी समदं ती आल्यावर." आणि काय सांगू, गर्दीनं खरंच वाट दिली. एका म्हातारीनं तर तिच्या तोंडात जिलबी कोंबली. नवरी शालू सावरत गाडीत बसली, शेजारी नवरदेव, पुढं मी. कॉलेजचं गेट बंद व्हायच्या आत पोचलो. नवरदेव बाहेर बाकावर फेटा मांडीवर घेऊन बसून राहिला.

परतताना मला नवीच धास्ती. जेवणं उरकली की आमची पोरं लगेच खांब उपटतात, कारण दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न असतं. पाठवणी कुठून करणार? हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

गाडी नाक्यावरून आत वळली तर लांबूनच लाइटा दिसल्या. मांडव जसाच्या तसा. पाहुणे अर्ध्याहून जास्त बसून, दारात मामा ओवाळणीचं ताट घेऊन.

"अब्बा, उद्याचं लगन?" मी हळूच विचारलं.

"त्यांच्याकडं दुसरं सामान धाडलं. नवरी मांडवातून सासरी जाती बेटा, मोकळ्या वावरातून न्हाई."

मग त्यांनी माइक नवरीपुढं धरला. "आहेर नंतर. आधी सांग, पेपर कसा गेला?"

"समदे प्रश्न सोडवले, चाचा," ती म्हणाली, आणि दिवसभर अडवून धरलेलं रडू तिला एकदम आलं. अख्खा मांडव टाळ्या वाजवत होता. अब्बांनी माइक बंद केला, माझ्याकडं न बघताच डोळे पुसले आणि म्हणाले, "फुडच्या लग्नाला माझं काम आधी सांगत जा."