चेकनट कुठं हाय?

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच कबूल करते. दूधवाला माप भरतो तेव्हा मी दुधाकडे नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघते. पण वडिलांवर मी वर्षभर जो संशय घेतला, तो स्वभावाच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. लासुर्ण्यात आबांचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. मोटारी म्हणजे विहिरीवरच्या, उसाला पाणी देणाऱ्या. आई जाऊन चार वर्षं झाली होती. मी गावातल्याच शाळेत शिकवत होते आणि घरात आम्ही दोघंच होतो. आबा पूर्वी प्यायचे, चांगलं भिंत धरून घरी येण्याइतकं. आई गेली त्या दिवशी त्यांनी बाटली सोडली. गावाने वाखाणलं. मी मात्र मनातल्या मनात म्हणायचे, बघू किती दिवस.

मग त्यांच्या शर्टाच्या गुंड्या खालीवर लागायला लागल्या. चहाची कपबशी हातातून सुटली, एकदा नाही, आठवड्यात तीनदा. पाना धरता धरता निसटायचा. चालताना पाय फेंगडे टाकायचे आणि वळताना भिंतीला हात लावायचे. शेजारच्या काकूंनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "तुज्या आबांचं परत सुरू झालं व्हय गं?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काकूंवर नाही, आबांवर. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं तर लहानपणापासून पोळलेलं.

मी शोधाशोध केली. हत्यारांची पेटी उपसली, जुन्या पंपांच्या पोटात हात घातला, कडब्याची गंजदेखील सोडली नाही. बाटली सापडली नाही. दुसरं कुणी म्हटलं असतं, नसेल तर नसेल. मी म्हटलं, इतकी पक्की लपवलीय म्हणजे रोजचीच असणार.

संध्याकाळी ते दुकानातून आले की मी पुढे व्हायचे. टोपी काढून घ्यायचे, पदराने मानेवरचा घाम पुसायचे, आणि तेवढ्यात तोंडाचा वास घ्यायचे. ग्रीस, रॉकेल, तंबाखू. त्याच्यापुढे काही नाही. तरी रोज घ्यायचे.

एके दिवशी ते शाळेवरून चालले होते. एका पायातली चप्पल मागे राहिली, आणि ह्या माणसाला पत्ताच नाही. तसेच अनवाणी दहा पावलं गेले आणि फाटकापाशी कोसळले. पोरं हसली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना यष्टीत घालून बारामतीला डॉक्टरांकडे नेलं. औषधाला नाही हं, पुराव्याला. आबांना बाहेर बसवून मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, "ह्यांचं रक्त तपासा आणि दारू सापडते का तेवढं मला सांगा."

डॉक्टरांनी रक्त घेतलंच नाही. आबांना आत बोलावून गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, तर पाय लाथ मारल्यासारखा उडाला. मग म्हणाले, मूठ भराभर उघडा-मिटा. सबंध तालुक्याच्या मोटारी उघडणारा तो हात चार वेळा उघडला आणि अडकला. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "दारू नाही बाई. मानेचे मणके झिजलेत, आत मज्जारज्जू दाबला गेलाय. हातपाय जातील. पुण्याला न्या, लवकर."

पुण्याच्या सर्जनने मणक्यांचा नमुना टेबलावर ठेवून समजावलं. मान पुढून उघडायची, झिजलेल्या दोन चकत्या काढायच्या, कमरेच्या हाडाचे तुकडे त्या जागी बसवायचे, वाकलेली मान सरळ रेषेत आणायची आणि वर ही धातूची पट्टी ठेवून सहा स्क्रू आवळायचे.

"म्हंजी सुतात आनायची," आबा म्हणाले.

"बरोबर, सुतात."

आबांनी पट्टी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "आन् चेकनट कुठं हाय?"

मी पदर तोंडाला लावला. अहो, मोटारीच्या माणसाला दुसरं काय सुचणार! साधा स्क्रू हादऱ्याने ढिला होतो, म्हणून मागून दुसरा नट कसतात, तो चेकनट. आबांनी आयुष्यात त्याच्याशिवाय काही आवळलं नव्हतं. "मान दिवसभर हलती साहेब. यष्टीचा हादरा, रस्त्याचा हादरा. तुमचा सक्रू निघाला तर मी कुनाकडं जाऊ? आमच्या गावात आदीच म्हनत्यात, हेचा सक्रू ढिला हाय." शंका खरी होती. मलाही त्या डॉक्टरचा भरवसा वाटत नव्हता. फार गोड बोलत होता.

पण तो हसला नाही. म्हणाला, "आबा, स्क्रू जन्मभर धरायला नाहीतच. आत हाड हाडाला जुळेपर्यंत मान हलू नये, एवढंच त्यांचं काम. एकदा हाड जुळलं की ते स्क्रू असून नसून सारखे."

आबांनी पट्टी टेबलावर परत ठेवली. "म्हंजी हे नुसतं टाकं. पक्कं वेल्डिंग हाड करनार." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कर सही, पोरी. मानसाला काम कळतंय."

ऑपरेशन झालं. तीन महिने गळ्यात पट्टा होता. त्यानंतर पुन्हा पुण्याला गेलो. फोटोत मान सुतात होती, स्क्रू जागच्या जागी, हाड जुळलेलं. आबा काठीशिवाय दारातून आत चालत आले. मला रडू आलं, लपवत नाही. मग सर्जनने टेबलावर दोन टाचण्या टाकल्या आणि म्हणाला, उचला. आबांची बोटं टाचण्यांवरून नुसती फिरत राहिली.

"हे आता एवढंच राहील," सर्जन म्हणाला. "वर्षभर आधी आला असतात तर बोटंही बहुतेक वाचली असती. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मी काही बोलणार, तेवढ्यात आबा बोलले. "तसं न्हाय साहेब. हिला काय बोलू नका. हिची आई गेल्यावर मला कोन हाय? ही पोर रोज सांजच्याला माज्याजवळ यायची, टोपी काढायची, घाम पुसायची. पार तोंडापाशी तोंड आनून बगायची, आबा बरा हाय का म्हनून. एवढी माया कुनाची पोर करतीया?"

त्यांना खरंच तसं वाटत होतं, की परक्या माणसापुढे ते माझी अब्रू झाकत होते, हे मी त्यांना कधी विचारू शकले नाही. सर्जन माझ्याकडे बघून कौतुकाने हसला. दुकान त्याच महिन्यात बंद केलं.