ओल्या सोपटाचा कुलर

आमच्या घरात कुलर मी आणला नाही, मी तो शोधून काढला. आणि तो एकच दिवस चालला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रावेर, त्यात मे महिना. माझा नुकताच मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला होता (म्हणजे घरातली कुठलीही वस्तू उघडून ठेवायचा परवाना). धुळ्याहून मुलीकडची मंडळी आमचं घर बघायला येणार होती. मुलगी मी पाहिली होती आणि मला ती फार आवडली होती. तिच्या वडिलांना, नानांना, मी आवडतो की नाही एवढंच ठरायचं होतं.

बाजारातला कुलर वीज खातो आणि त्याचा पंप सारखा बिघडतो. म्हणून मी स्वतःचा आराखडा केला. खिडकीत वाळ्याऐवजी केळीचं सोपट, म्हणजे खोडाची साल. वर थेंब थेंब गळणारं मडकं, मागे टेबलफॅन. पंप नाही, निसर्गाला त्रास नाही! लोक सोपट वाळवून वापरतात. मी मळ्यातून ताजं, ओलं आणलं, कारण ओलं जास्त गार असणार हे उघड होतं. (हे डिप्लोमात शिकवत नाहीत, सुचावं लागतं.)

नाना आणि त्यांचे भाऊ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत येऊन बसले. मी फॅन लावला. बारीक तुषारांसकट गार वारा सुटला. नानांनी डोळे मिटले.

"पोऱ्या हुशार शे," ते म्हणाले. माझं लग्न जवळपास लागलंच.

चहा येईपर्यंत सगळ्यांच्या सदऱ्यांवर तपकिरी ठिपके उमटायला लागले. आईने मला आत बोलावलं.

"सोपट वाळलेलं होतं ना रे?"

"ओलं."

केळीच्या चिकाचा डाग कापड फाटलं तरी जात नाही, हे रावेरात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण मी ते शेतीत धरलं होतं, इंजिनियरिंगमध्ये नाही.

बाहेर आबा, म्हणजे माझे वडील, हात जोडून उभे होते. नानांनी आपला सदरा पाहिला, मग एकेका भावाचा पाहिला. सोयरीक गेली असं समजून मी फॅन बंद केला. मला रडू येत होतं.

"धुळामा बठ्ठा इचारतीन, डाग कोठला शे," नाना शांतपणे म्हणाले. "सोयराना घरना शे, आसं सांगसूत. करी टाकूत सोयरीक." डाग कुठला असं सगळं धुळं विचारणार, तेव्हा सोयऱ्याच्या घरचा म्हणून सांगता यावं, एवढ्यासाठी सोयरीक पक्की!

लग्न झालं. मांडवात धुळ्याची एकूणएक मंडळी चॉकलेटी सफारीत आली, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत मला पंख्यापासून लांब धरायला दोन मेहुणे नेमले होते.