उघडं लोखंड

पांढऱ्या रंगाच्या जाती किती, हे ताईला विचारावं. खडूचा, शिंपल्याचा, दातांचा, जुन्या फ्रिजचा. तिचं अर्धं आयुष्य गाड्यांना रंग मारण्यात गेलं होतं. म्हणून धाकट्या भावाने इंजिनातून काढलेला स्पार्क प्लग तिच्या तळहातावर ठेवला, तेव्हा ती लगेच म्हणाली, "हा पांढरा बरा नाही. राखेचा आहे."

भावालाही ते कळलंच होतं: इंजिन आतून फार तापत होतं.

बापाने मागे ठेवलेली पत्र्याची शेड दोघांनी मधोमध प्लास्टिकचा पडदा लावून वाटून घेतली होती. अलीकडे ताईचे रंग, पलीकडे भावाची इंजिनं. त्याच्या ग्राइंडरची धूळ आपल्या ओल्या रंगावर बसते, हे ती रोज ऐकवायची आणि तो रोज ऐकून सोडून द्यायचा. एका जुन्या गाडीबाबत मात्र दोघांचं एकमत होतं. भावाने तिला टर्बो बसवला होता, ताईने गडद निळा रंग दिला होता. शहराबाहेरच्या डोंगरावर चढाची शर्यत होते, तिच्यात ही गाडी पळवायची, एवढं एकच वेड त्याने आयुष्यात जपलं होतं.

टर्बोचं गणित साधं. तो इंजिनात हवा कोंबतो, आणि हवा जास्त तर पेट्रोलही जास्त लागतं. ते पुरलं नाही की आतली आग बेफाम तापते आणि पिस्टनला भोक पडतं. पहिलं इंजिन असंच गेलं. दुसरं भंगारातून आणलं. तिसरं आणायची ऐपत नव्हती. भावजयीने बजावून ठेवलं होतं, की हेही जळलं तर तुम्ही निमूट माझ्या भावाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून जायचं. शेजारचा टायरवाला तर गाडीवर बोक्यासारखा टपलेला. चालू स्थितीत आहे तोवर मी नेतो, असं म्हणाला होता, आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी यायचं ठरवून गेला होता. भावाने मान हलवली होती. हलवायची म्हणून.

स्वस्तातले उपाय त्याने एकेक करून पाहिले होते. पेट्रोलचा फिल्टर बदलला. टाकीपासूनची दबलेली नळी काढून नवी घातली. भंगारबाजारात एका भल्यामोठ्या गाडीचा पंप मिळाला, मूळच्यापेक्षा दुप्पट ताकदीचा, तो टाकीत बसवला. तेव्हा मागची डिकी पूर्ण मोकळी झाली होती, म्हणून ताईने हौसेने तिचा तळही रंगवून दिला होता. इतकं करून कारखान्यामागच्या रिकाम्या रस्त्यावर पाय पूर्ण दाबला, की काचेशी चिकटवलेल्या पेट्रोलच्या दाबाच्या मीटरचा काटा चढायला हवा तिथेच ढासळायचा. भाऊ पाय काढून घ्यायचा आणि घरी येऊन ताटावर नुसता बसून राहायचा.

नाक्यावरच्या वस्तादाने सांगितलं, इंजेक्टर मोठे घाल, पंप नवा घे, कॉम्प्युटर बदल. म्हणजे नाकापेक्षा मोती जड. वस्तादाचं चुकत नव्हतं, पण ते पैसेवाल्यांचं बरोबर होतं.

टायरवाला यायचा त्या सकाळी भाऊ गाडी धूत होता. मुलीला सासरी पाठवताना माणूस घर आवरतो, तसा. ताई पडद्याआड कॉम्प्रेसर चालू करून उभी होती, आणि त्याच्या आवाजावरून तिला काहीतरी आठवलं. मागे हाच कॉम्प्रेसर लांबच्या बारीक वायरवर लावला की कण्हत असे, हवा पुरत नसे. जाड वायर घातली आणि तो ताळ्यावर आला. ती पडदा सारून बाहेर आली.

"पंप मोठा आणलास. वायर कुठली घातलीस?"

"होती तीच."

"म्हणजे भूक हत्तीची आणि ताट मांजराचं."

भावाने हातातला फडका बादलीत टाकला. मग दोघांना बोलायला सवड राहिली नाही. भंगारातल्या बसमधून काढलेली जाड वायर पडून होती. ती बॅटरीपासून फ्यूज घालून थेट मागे नेली. मधे रिले बसवला; जुन्या बारीक वायरीने आता फक्त रिलेला जागं करायचं, पंपाचं पोट भरायचं काम जाड वायरीचं. गाडी रस्त्यावर नेली. ताई शेजारच्या सीटवर बसून काट्याकडे बघत होती. काटा या वेळी उशिरा पडला. पण पडला.

"जाऊ दे," भाऊ म्हणाला. "तिला जायचंच आहे."

ताईने जाऊ दिलं नाही. वीज जाते तशी तिला परतायलाही वाट लागते, आणि परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. तिने भावाला ॲक्सिलेटर दाबून धरायला सांगितला, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलं, दुसरं पंपाच्या अर्थिंगच्या बोल्टला. आकडा शून्याजवळ हवा होता. तो दोन व्होल्टच्या वर होता. घोडं पेंड खात होतं ते इथे.

तिने डिकीतला रबराचा गालिचा उचलला. बोल्ट कसलेला होता. त्याच्याखाली तिचाच निळा रंग होता. जिथे कधी कुणाची नजर जाणार नव्हती, तिथेही तिने प्राइमर, दोन हात रंग आणि वर लॅकर दिला होता. पाणी घालून घासलेला, आरशासारखा. भावाला तो मोडवेना म्हणून त्याने बोल्ट अलगद त्याच्यावरच आवळला होता, आणि रंगातून वीज जात नाही. दोघांची माया मधे आली होती आणि पंप उपाशी राहिला होता.

ताईला हसू फुटलं, आणि मग नीट आवरेना. तिने पॉलिश पेपर घेतला.

"थांब ना," भाऊ म्हणाला. "मी दुसरीकडे भोक पाडतो. तो रंग नको खराब करू."

"रंग माझा आहे. मीच खरवडणार."

नाण्याएवढी जागा उघडी पडली. खाली लोखंड चमकत होतं, आणि त्याला कुठलाच रंग नव्हता. तिने तिथे अर्थिंग आवळलं आणि वरून बोटाने ग्रीस फासलं. मल्टिमीटर शून्याशी येऊन थांबला. रस्त्यावर टर्बोचा दाब चढला तसा पेट्रोलचा काटाही त्याच्या बरोबरीने चढला आणि वर टिकून राहिला. भावाने पाय काढला नाही. रस्ता संपला म्हणून काढला.

परतले तेव्हा टायरवाला शेडपाशी उभा, शेजारी भावजय. भाऊ बायकोकडे बघत राहिला. तिने आधी नवऱ्याचा चेहरा पाहिला, मग नणंदेचे काळे हात.

"शर्यत झाल्यावर या," ती टायरवाल्याला म्हणाली. नवऱ्याला म्हणाली, "जळली तर ट्रक. विसरू नका. वन्सं, तुम्ही साक्षीदार."

दुसऱ्या दिवशी दोघी डोंगराच्या पायथ्याशी उभ्या होत्या. तिथून गाडी दिसत नाही, नुसती ऐकू येते. पहिलं वळण, दुसरं वळण, मग तो लांब उभा चढ. गेल्या वर्षी तिथेच इंजिनाने प्राण सोडला होता. भावजयीने ताईचं मनगट धरलं. आवाज चढाला लागला. ताईने डोळे मिटले. आवाज वर गेला, आणखी वर, ताणलेल्या कापडासारखा, आणि कुठेही विरला नाही. कड्यावर आदळून तो दुपटीने परत आला. मग डोंगर गप्प झाला.

"बंद पडली?" भावजयीने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "पोचली."

त्याच्या गटात त्याच्याहून लवकर कुणी पोचलं नाही. टायरवाल्याने येऊन हात मिळवला आणि दुप्पट बोली लावली. भावाने त्याला चहा पाजला आणि गाडी विकायची नाही, असं सांगितलं. भावजय म्हणाली, बरं झालं, ट्रकवर तुम्ही झोपलाच असतात.

संध्याकाळी रस्ता खुला झाला. भावाने गाडी ताईपुढे आणून उभी केली. वजन कमी करायला शेजारची सीट काढलेली होती. ताई आत शिरली आणि उघड्या तळावर बसली, पाठ दाराला, गुडघे छातीशी.

"हळू नेऊ ना?" भावाने विचारलं.

"हळूच जायचं होतं तर मी घरीच बसले नसते का," ती म्हणाली.